कपाळावर टेंगूळ, डोळ्याखाली निळं

पत्र थोडक्यात असं आहे:

«बेळगावच्या वडगावात माझ्या घरीच पाळणाघर आहे. नऊ मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. गेल्या मंगळवारी चौदा महिन्यांचा एक मुलगा दिवाणावरून फरशीवर पडला. कपाळावर उजवीकडे लिंबाएवढं टेंगूळ आलं. लगेच रडला, पाच मिनिटांत खेळायलाही लागला. शेजारच्या आजी आल्या, ‘काय होत नाही बघ, पोरं पडत्यातच की’ म्हणाल्या आणि हळद-चुना लावून गेल्या. त्याची आई कामावर असते, तिला उगीच घोर नको म्हणून फोन केला नाही, संध्याकाळी न्यायला आली तेव्हा सांगितलं. रात्री त्याला एकदा उलटी झाली. दवाखान्यात तीन-चार तास ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. पण गुरुवारी सकाळी उजव्या डोळ्याभोवती काळंनिळं झालं. आता आई म्हणते, हा तुमच्याकडे परत पडलाय, तुम्ही लपवताय. देवाशपथ पडला नाही. माझं काय चुकलं? आणि पुन्हा असं झालं तर कुठवर घरी बघायचं, झोपू द्यायचं की नाही, ते सांगा.»

ताई, एवढा भाग त्या आईला वाचूनच दाखवा: गुरुवारचा काळानिळा डोळा मंगळवारच्याच टेंगळाचा आहे. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साचलेलं रक्त. कपाळाचा स्नायू भुवईपाशी हाडाला घट्ट धरलेला नसतो, तिथल्या कातडीतच मिसळतो. त्यामुळे ते रक्त आडकाठी न येता हळूहळू खाली सरकतं आणि पापणीत उतरतं. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, म्हणून तिथे थोडंसं रक्तही भडक दिसतं. यात एक-दोन दिवस जातातच. कधी दोन्ही डोळ्यांखाली उतरतं. जांभळं, मग हिरवट, मग पिवळं होत दहा-पंधरा दिवसांत निघून जातं. कपाळावरचं टेंगूळ बसत आलं आणि खाली निळं वाढत गेलं, तर रक्ताने फक्त जागा बदलली असं समजा.

याच्याशी गल्लत होऊ नये अशी एक गोष्ट आहे. कपाळाला काही लागलेलं नाही आणि तरी काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दोन्ही डोळ्यांभोवती काळी कडी दिसू लागली, कानामागे निळा डाग आला, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही किंवा रक्त यायला लागलं, तर कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची ती खूण असू शकते. तिथे थांबायचं नाही. आणि डोळाच लाल झाला, उघडता येत नाही किंवा मूल त्या बाजूचं बघत नाही असं वाटलं, तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आता चूक कुठे झाली ते. मूल पडलं ही चूक नव्हे. चौदा महिन्यांचं मूल दिवसातून दहा वेळा पडतं. चूक फोनची झाली. डोक्याला लागल्यावर पहिले चार ते सहा तास सगळ्यात बारकाईने बघायचे असतात, आणि चोवीस तास नजर ठेवायची असते. तुमच्याकडे सकाळी आपटलेलं मूल संध्याकाळी आईच्या हातात जातं, म्हणजे नजर ठेवायच्या वेळेच्या मधोमध सांभाळणारा माणूस बदलतो. आईला घोर नको म्हणून थांबलात, पण तेवढ्या वेळात तिच्या हातून दोन गोष्टी गेल्या: रजा टाकून यायचं की नाही हे ठरवायची संधी, आणि रात्री काय बघायचं याची माहिती. आपटल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत फोन, टेंगूळ छोटं असलं तरी. बोलताना आधी मुलाची आत्ताची अवस्था सांगा, मग काय झालं ते: «बाळ माझ्या मांडीवर आहे, रडायचं थांबलंय, खेळणं धरतंय. अकरा चाळीसला दिवाणावरून पडलं, कपाळाला टेंगूळ आलंय.» «ताबडतोब या» किंवा «काय नाही हो» यातलं एकही पहिलं वाक्य नको.

पहिल्या मिनिटात काय करायचं, ते क्रमाने. धावत जाऊन मुलाला चटकन उचलू नका. दोन श्वास थांबून बघा: रडतंय का, हातपाय दोन्हीकडचे हलतायत का, तुमच्याकडे बघतंय का. लगेच मोठ्याने रडणं ही चांगली खूण आहे, शुद्ध गेली नव्हती याचा तो पुरावा. रडत, हलत असेल तर उचलून मांडीवर घ्या. हलवू नका, गदगदवू नका, कांदा हुंगवू नका, तोंडात साखर-पाणी घालू नका. जिन्यावरून, गच्चीवरून किंवा गाडीवरून पडलं असेल, किंवा मान धरून रडत असेल, तर हलवायचंच नाही. डोकं आणि मान एका रेषेत दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. बेशुद्ध मूल ओकायला लागलं तर डोकं, मान, धड एकत्र फिरवून कुशीवर करा, म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही.

मग घड्याळ बघा. उंची बघा. यातली उंची लोक विसरतात. अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २००९ साली जे निकष ठरले, त्यात दोन वर्षांखालच्या मुलाला तीन फुटांवरून आणि त्यावरच्या मुलाला पाच फुटांवरून पडणं हे जोरकस पडणं धरलं आहे. तुमचा दिवाण दीड फुटाचा असेल, त्याची फार चिंता नाही. पण स्वयंपाकघराचा ओटा पावणेतीन-तीन फूट असतो, आणि त्यावर बसवलेल्या बाळाचं डोकं त्याहून फूटभर वर. कडेवरचं मूल घेऊन तुम्ही उंबऱ्याला ठेचकाळलात तर ते पडणं तीन फुटांवरचंच. कडेवरून पडलं हे सांगायला लोक लाजतात आणि «कॉटवरून पडलं» म्हणतात, डॉक्टरांचा अंदाज तिथेच चुकतो. झोळीचंही तसंच. ती जमिनीपासून दोनच फूट असते, पण झोका जोरात असताना बाहेर पडलेलं मूल नुसतं पडत नाही, फेकलं जातं.

दुसरं, कुठे लागलं. कपाळावरचं टेंगूळ कितीही मोठं दिसलं तरी सहसा बिनघोर असतं, कारण तिथलं हाड जाड आहे. कानाच्या वर, बाजूला किंवा मागे लागलेलं मात्र वेगळं. कानाच्या वरचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. ती फाटली तर रक्त कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये साठतं, आणि मूल आधी तासभर बरं दिसून मग गुंगायला लागतं. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोक्याला बाजूला किंवा मागे सूज आली, आणि ती कडक न लागता पाणी भरलेल्या फुग्यासारखी पिचपिचीत लागली, तर मूल हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ही सूज कधी उशिरा येते, दुसऱ्या दिवशी तेल लावताना किंवा न्हाऊ घालताना हाताला लागते. आईला सांगून ठेवा: दोन दिवस डोक्यावरून नुसता हलका तळवा फिरवून बघायचा, चोळायचं नाही. टाळू भरली नसेल तर तीही बघायची. मूल शांत आणि उभं धरलेलं असताना टाळू फुगलेली, ताठ लागली तर निघायचं.

तीन महिन्यांखालचं बाळ, रक्त गोठण्याचा आजार किंवा रक्त पातळ करणारं औषध असलेलं मूल, डोक्यात पाणी झाल्याने नळी बसवलेलं मूल: यांना टेंगूळ आलेलं असो वा नसो, दाखवायचंच. प्रवेशाच्या वेळी हे आईवडिलांना विचारून वहीत लिहून ठेवा.

आता गार पट्टी. बर्फाचे दोन-तीन खडे सुती रुमालात गुंडाळून टेंगळावर हलक्या हाताने धरायचे, दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग अर्धा-पाऊण तास सोडून पुन्हा. बर्फ कातडीला थेट लावला तर तिथे भाजल्यासारखं होतं. वीज गेली, फ्रिज नाही, तर माठातल्या पाण्यात बुडवून पिळलेला पंचा चालतो. मूल धरू देत नसेल तर सोडून द्या. पट्टीने सूज थोडी कमी होते एवढंच, आतला धोका तिने कमी होत नाही. तेव्हा त्यासाठी मुलाला दाबून धरून रडवण्यात अर्थ नाही. टेंगूळ रुपयाने दाबणं, तेलाने चोळून जिरवणं यांनी फुटलेल्या बारीक शिरा आणखी वाहतात.

चुन्याबद्दल जरा कडक बोलावं लागेल. पानाचा चुना दाहक असतो. तान्ह्याची कातडी भाजतेच, पण खरी भीती पुढची. कपाळाला लावलेला चुना घामाने ओघळतो, मूल हात फिरवून डोळे चोळतं, आणि डोळ्यात गेलेला चुना बुबुळ कायमचं पांढरं करू शकतो. असं झालंच तर पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटं, आणि मग डोळ्यांचा दवाखाना. हळदीचं दुखणं वेगळं. ती अपाय फारसा करत नाही, पण खालचा रंग झाकते, डॉक्टरांना जखम दिसत नाही. आजींना दुखवायचं नसेल तर चुन्याची डबी हातात येण्याआधी गार पंचा त्यांच्या हातात द्या. त्यांनाही काही तरी करायचं असतं.

खोक पडली असेल तर रक्त बघून हबकू नका. डोक्याची कातडी रक्तवाहिन्यांनी भरलेली, छोटी खोकही गळ्यापर्यंत रक्त आणते. स्वच्छ कापडाची घडी ठेवून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबायचं. मधे उचलून «थांबलं का» बघायचं नाही, त्याने धरलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर वरून दुसरं ठेवा. हाताखाली हाड दबल्यासारखं लागलं तर मात्र दाब न देता नुसतं झाका आणि निघा. कडा उघड्या राहत असतील किंवा दहा मिनिटांनीही रक्त येत असेल तर त्याच दिवशी टाके. हळद, कॉफी पूड, तंबाखू काही भरू नका, ते काढून धुवायलाच डॉक्टरांचा निम्मा वेळ जातो. लसींची नोंद असलेलं तायी कार्ड बरोबर न्या: १६ ते २४ महिन्यांचा आणि ५ ते ६ वर्षांचा डीपीटी बूस्टर झाला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा प्रश्न सोपा होतो.

उलटी. भरल्या पोटी आपटून, रडून रडून मूल लगेच एकदा ओकलं तर तासभर जड काही न देता बघत राहा. दुसऱ्यांदा ओकलं की दाखवायचं, तिसरीची वाट बघायची नाही. आणि पहिलीच उलटी काही तासांनी आली, तर एकच असली तरी दाखवायचं. या मुलाच्या आईने रात्री केलं ते अगदी बरोबर होतं. उलटी थांबायचं औषध घरून देऊ नका, आपण जी खूण शोधतोय तीच ते झाकतं. सर्दीचं, गुंगी आणणारं सिरपही त्या दिवशी नको.

झोपेचं. डोक्याला लागल्यावर झोपू द्यायचं नाही हे आपल्याकडे घट्ट बसलेलं आहे. झोपेने मेंदूत रक्तस्राव होत नाही. अडचण एवढीच की गुंगी आणि झोप बाहेरून सारखी दिसते. म्हणून जमलं तर पहिला तासभर जागं ठेवून बघा, मग नेहमीची झोपायची वेळ झाली असेल तर खुशाल झोपू द्या. अर्ध्या तासाने जवळ जा: श्वास संथ आहे का, रंग नेहमीचा आहे का, गालाला बोट लावलं तर तोंड फिरवतं का, तुमचा हात ढकलतं का. कुरकुरून कूस बदलली की झालं, पूर्ण उठवायची गरज नाही. रात्री आईने स्वतः झोपण्यापूर्वी एकदा आणि मध्यरात्रीनंतर एकदा असंच बघावं. नेहमी न झोपणाऱ्या वेळी मूल पेंगायला लागलं, हलवून, नाव घेऊनही नीट जागं होत नाही, किंवा उठून परत लगेच मान टाकतं, तर ती झोप नाही.

दवाखान्याकडे पळायच्या बाकीच्या खुणा इथेच वाचून ठेवा: काही सेकंदही शुद्ध गेली, आकडी आली, एका बाजूचा हातपाय कमी चालतोय, डोळ्याची एक बाहुली मोठी, एक लहान, तोल जातोय, बोलणं अडखळतंय, मोठं मूल «डोकं फार दुखतंय» म्हणतंय आणि ते वाढतंय, तान्हं बाळ दूध ओढत नाही किंवा कुणाच्याही कुशीत शांत होत नाही, चिरक्या आवाजात रडतंय. आणि ज्याला यादीत जागा नाही ते: आई म्हणते, «हा असा नसतो.» डॉक्टरही हे वाक्य गंभीरपणे घेतात, तुम्हीही घ्या.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, पण पाळणाघराने आईवडिलांच्या होकाराशिवाय नको. वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम झाले: २५०/५ लिहिलेल्या सिरपचे ३ मिली, १२५/५ च्या सिरपचे ६ मिली, आणि ड्रॉपर असलेल्या १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या थेंबांचे फक्त दीड मिली. घोटाळा इथेच होतो. सिरपच्या सवयीने थेंबांच्या बाटलीतून ६ मिली गेले तर डोस चौपट होतो. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचून मगच भरा. ॲस्पिरिन लहान मुलांना नाहीच, आणि पहिले एक-दोन दिवस आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दवाखान्यात सीटी स्कॅनचा हट्ट धरू नका. त्याचे क्षकिरण लहान मेंदूला फुकट द्यायचे नसतात, आणि साध्या एक्स-रेत मेंदू दिसतच नाही. काही तास ठेवून घेऊन बघणं ही टाळाटाळ नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. तुमच्या बाबतीत तेच झालं. मात्र कुठल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर आणि सीटी दोन्ही असतात हे आजच विचारून ठेवा. तुम्ही वडगावातून दहा-पंधरा मिनिटांत कुठेही पोचाल, पण हे वाचणाऱ्या खानापूरच्या आडगावातल्या बायांनी शंका आली की उजेडातच निघावं, पावसाळ्यात तर नक्कीच. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, मग कोल्हापूर.

१०८ वर पलीकडचा माणूस कन्नडमध्ये बोलला तर जीभ अडखळते. भिंतीवर चिकटवून ठेवा: «मगू बिद्दिदे, तलेगे पेट्टागिदे» म्हणजे मूल पडलंय, डोक्याला मार लागलाय. «प्रज्ञे इल्ल», शुद्ध नाही. «एरडु सल वांती आगिदे», दोनदा उलटी झाली. पुढे गल्ली, खूण, गाव, तालुका, जिल्हा.

आता वही. साधी शंभर पानी, आणि नोंद अशी असायला हवी: «मंगळ. ११.४० दिवाणावरून, दीड फूट, फरशीवर. कपाळ उजवीकडे. लगेच रडला, ५ मिनिटांत गप्प. शुद्ध गेली नाही. ११.४५ गार पट्टी १० मिनिटं. ११.५० आईला फोन. १२.३० पेज खाल्ली, ओकला नाही. १.१० झोपला. १.४० हात लावला, कूस बदलली. ३.०० खेळतोय.» न्यायला आलेल्याची खाली सही, आणि त्या पानाचा फोटो त्यांच्या फोनवर. सकाळी मूल घेताना डोकं-तोंड-हात बघून घरून आलेले वळही लिहा. त्याने तुमचंही रक्षण होतं, मुलाचंही. रांगतही नसलेल्या बाळाच्या डोक्याला सूज आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल, तर भांडत न बसता डॉक्टरांकडे पाठवा. चाइल्डलाइन १०९८ त्यासाठीच आहे.

घरातलं आवरायला एक दुपार पुरे. दिवाण काढून जमिनीवर गाद्या. उंबऱ्याला फळी. जिन्याला वरून आणि खालून फाटक. चाकांचा वॉकर आजच काढा. तो घेऊन मूल तुमच्या हाताच्या टप्प्यातून दोन सेकंदांत निसटतं, कॅनडाने २००४ पासून त्याच्यावर बंदीच घातली आहे. मागच्या अंगणातलं शेवाळ जूनच्या आधी खरवडून घ्या.

आणि त्या आईकडे उद्या जाताना सफाई द्यायच्या भावनेने जाऊ नका. मंगळवारचं जे आठवतंय ते वेळेसकट कागदावर लिहून न्या, फोन न केल्याचंही त्यात लिहा. हळद-चुना लावला होता हेही सांगा, कारण कपाळाची कातडी लाल, सोललेली दिसली तर ती त्यामुळे असेल, आणि हे तिला तुमच्याकडून कळायला हवं. मुलाला पुढचे दोन दिवस धावपळीचा खेळ, घसरगुंडी नको. सगळं ठीक असेल तर सोमवारपासून नेहमीसारखं.